शांततेच्या काळात युद्धनौकेवर दिवसभर नेमकं काय काम चालतं?

मांडवी_मास्तर

नमस्कार मंडळी. रत्नागिरीत दहावी-बारावीच्या मुलांना सैन्यभरतीचं मार्गदर्शन करतो. नौदलातल्या अग्निवीर एमआर (दहावीवरची भरती) आणि एसएसआर (बारावीवरची), दोन्हींसाठी मुलं येतात. विक्रांतची लांबी २६२ मीटर, ब्रह्मोसचा वेग, कुठली विनाशिका माझगाव डॉकमध्ये बांधली, सगळं तोंडपाठ असतं. पण "आयएनएस चिल्का या नौदल तळावरचं प्रशिक्षण संपवून जहाजावर रुजू झालास, की पहिल्या सोमवारी सकाळी हातात काय घेशील?" असं विचारलं की वर्ग चिडीचूप होतो. उत्तर मलाही नीट देता येत नाही.

मुलांच्या मनात नौदलाबद्दल अभिमान आहे आणि तो खरा आहे. त्या अभिमानाखाली रोजचं काम काय असतं, ते त्यांना आधीच कळावं असं वाटतं. वॉच म्हणजे किती तास? डेकवर, इंजिनात, भटारखान्यात काय चालतं? चुका कुठे होतात आणि का? गोपनीय काहीही नको, जगातल्या कुठल्याही नौदलाला लागू होईल एवढंच सांगा.

---

बफर_निवृत्त

मास्तर, जय हिंद. डेकचं मी सांगतो, इंजिनवाले त्यांचं सांगतील.

आधी वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी. समुद्रात असताना दिवसाचे सात तुकडे पडतात. रात्री १२ ते ४ मिडल, ४ ते ८ मॉर्निंग, ८ ते १२ फोरनून, दुपारी १२ ते ४ आफ्टरनून, मग ४ ते ६ आणि ६ ते ८ असे दोन छोटे डॉग वॉच, आणि रात्री ८ ते १२ फर्स्ट. मुलं विचारतील की दोनच तासांचे ते दोन तुकडे कशाला. सगळे चार-चार तासांचे केले तर दिवसात सहा वॉच होतात. सहाला तीनने भाग जातो, त्यामुळे तीन टोळ्या असतील तर ज्याच्या वाट्याला रात्री १२ ते ४ आलं त्याच्या वाट्याला ते रोजच येणार. सात केले की क्रम रोज एका घराने सरकतो. पहिली टोळी एका दिवशी १२ तास उभी राहते, पुढचे दोन दिवस सहा-सहा तास, म्हणजे सरासरी आठ तास. पोरांना फळ्यावर मांडून दाखवा, लगेच कळतं.

मात्र हे आठ तास फक्त वॉचचे. वॉचवर नसताना आपल्या विभागाचं काम, सफाई, कवायती आणि अभ्यास असतोच. झोप तुकड्यातुकड्यांत मिळते. म्हणून जेवण झाल्या झाल्या बंकवर आडवं होऊन वीस मिनिटांत झोपी जाणं, हेसुद्धा शिकावं लागतं.

लुकआउटचं, म्हणजे समुद्रावर नजर ठेवायचं काम सगळ्यात नवख्याला मिळतं आणि सगळ्यात जास्त हलकं समजलं जातं. ते हलकं नाही. रात्रीच्या वॉचला पंधरा मिनिटं आधी वर यायचं, कारण अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. येताना मोबाईलच्या पडद्याकडे एकदा जरी बघितलं तरी पुन्हा पहिल्यापासून. ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, लाल दिवे असतात ते याचसाठी. दुर्बीण ७ गुणिले ५० ची असते: सातपट मोठं दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास ५० मिलीमीटर. त्याहून जास्त ताकदीची दुर्बीण हलत्या जहाजावर हातात स्थिर राहत नाही. नजर झाडू मारल्यासारखी सलग फिरवायची नाही. दहा-पंधरा अंशांचा एक तुकडा घ्यायचा, थांबायचं, मग पुढचा. अंधुक दिवा दिसला तर थेट त्याच्यावर नजर रोखू नये, जरा बाजूला बघावं. अंधारात डोळ्याच्या मध्यापेक्षा कडेला जास्त दिसतं.

मग सांगायचं कसं? "तिकडे काहीतरी आहे" हे उत्तर नव्हे. डाव्या बाजूचं ते रेड, उजव्या बाजूचं ते ग्रीन, जहाजाच्या नाकापासून अंश मोजायचे. "रेड थ्री झिरो, पांढरा दिवा, क्षितिजावर." पाण्यापासून सोळा मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे सव्वाआठ सागरी मैल लांब असतं, एवढं डोक्यात पक्कं असलं की अंतराचा अंदाज फार चुकत नाही. आणि एक नियम मुलांकडून पाठच करून घ्या: समोरच्या जहाजाचा कोन बदलत नाही आणि अंतर मात्र कमी होतंय, याचा अर्थ टक्कर ठरलेली आहे.

कोकण किनाऱ्यावर याला आणखी महत्त्व. लाकडी आणि फायबरच्या मासेमारी होड्या रडारवर नीट उमटत नाहीत, लाटा असल्या तर अजिबातच नाही. जाळं टाकलेली होडी पटकन वळू शकत नाही. तिथे एका पोराचे उघडे डोळे हेच रडार.

---

बफर_निवृत्त

रंगकामाचं राहिलं. पहिल्या सोमवारी पोराच्या हातात काय येईल? बहुतेक चिपिंग हॅमर.

"नौदलात गेला आणि रंग मारतोय" असं घरचे म्हणतात. खाऱ्या हवेत पोलादाचं काय होतं ते ज्याने बघितलंय तो असं म्हणणार नाही. पद्धत अशी. गंज हातोडीने झोडून काढायचा, आसपासचा चांगला रंग उखडू न देता. मग वायर ब्रश किंवा ग्राइंडर, चकचकीत धातू दिसेपर्यंत. कडेचा रंग घासून उतरता करायचा, म्हणजे पायरी राहत नाही. यानंतरची पायरी सगळे विसरतात: गोड्या पाण्याने धुणं. पोलादाच्या खड्ड्यात मीठ उरलं तर ते रंगाच्या आडूनही पाणी खेचतं आणि काही आठवड्यांत फोड येतात. धुऊन, कोरडं करून, त्याच दिवशी प्रायमर. मुंबईच्या हवेत सकाळी उघडं केलेलं पोलाद संध्याकाळपर्यंत तांबूस होतं. कडा, वेल्डिंगचे सांधे आणि बोल्टची डोकी यांवर आधी ब्रशने एक वेगळा हात द्यायचा, कारण कडेवरून रंग ओघळून पातळ होतो आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो. नंतर बाकीचे थर. हवेत ओल ८५ टक्क्यांच्या वर असेल तर डबा उघडूच नये.

कुठे रंग मारायचा नाही हे जास्त महत्त्वाचं. ग्रीसचे निपल, आट्यांचे भाग, माहितीच्या पट्ट्या, जस्ताचे ॲनोड आणि जलरोधक दारांचं रबर. ॲनोडवर रंग मारला की तो स्वतः झिजायचा थांबतो आणि त्याच्याऐवजी जहाज झिजतं. रबरावर रंग लागला की ते कडक होतं आणि दार बंद करूनही पाणी आत येतं. दार तपासायचं तर चौकटीच्या धारेवर खडू फिरवा, दार घट्ट लावा, उघडा. रबरावर खडूची रेघ अखंड उमटली पाहिजे. जिथे तुटली तिथून पाणी येणार.

दोरखंडांबद्दल एकच सांगतो. जहाज धक्क्याला लागताना दोराच्या वेटोळ्यात पाय टाकायचा नाही, आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत किंवा तो जिथून वळतो त्या कोनात उभं राहायचं नाही. नायलॉनचा हॉसर (जहाज बांधायचा जाड दोर) तुटण्याआधी रबरासारखा ताणतो, आणि तुटला की साठवलेला सगळा ताण एका क्षणात परत फेकतो. पाय जातो, जीवही जातो. तुटण्यापूर्वी तो आवाज देईलच असं नाही. शिवाय मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. उघड्या धक्क्यावर बांधलेल्या जहाजाचे दोर रात्रभर कुणीतरी ढिले-घट्ट करत राहायला लागतात. तेही ड्यूटीवाल्यांचंच काम.

---

स्टोकर_लोणावळा

बफर साहेबांनी डेकचं छान सांगितलं, आता खाली या.

इंजिनरूममधला नवा पोरगा पहिल्यांदा करतो ते काम म्हणजे दर तासाला फेरी मारून आकडे लिहिणं. वंगणतेलाचा दाब आणि तापमान, थंड करणाऱ्या पाण्याचं तापमान, प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्टचं तापमान, टाक्यांची पातळी, बिल्जमधलं (जहाजाच्या तळातलं) पाणी. हे कंटाळवाणं वाटतं, आणि इथेच सगळ्यात वाईट सवय लागते: मागच्या तासाचे आकडे बघून पुढचे लिहिणं. लॉगबुकातल्या एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. पाच तासांच्या ओळी एकाखाली एक वाचल्या की मशीन काय म्हणतंय ते कळतं. बाकीच्या सिलिंडरांपेक्षा एकाचंच तापमान हळूहळू वर जातंय? इंजेक्टर ठिबकत असेल किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळत असेल. एकाचंच खाली जातंय? त्याला इंधन पुरत नाही. वंगणाचा दाब थोडा-थोडा पडतोय आणि तापमान चढतंय? कूलरकडे बघा. खोटा आकडा लिहिला की ही साखळीच तुटते.

बंदरातली नेहमीची कटकट म्हणजे समुद्राच्या पाण्याची गाळणी. आत ओढलेल्या पाण्याबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या, गाळ, शेवाळ, छोटे मासे येतात. गाळण्या जोडीने बसवलेल्या असतात: एक चालू, एक राखीव. बदलताना राखीव गाळणी आधी पाण्याने भरायची आणि तिच्यातली हवा वरच्या व्हेंटमधून काढायची, मगच हळूहळू तिच्यावर यायचं. हवा तशीच राहिली तर पंप पाणी सोडतो आणि इंजिन तापतं. बंद केलेल्या गाळणीचं झाकण उघडण्यापूर्वी व्हेंट आणि ड्रेन उघडून आतला दाब गेलाय याची खात्री करायची. व्हॉल्व्ह "बंद" वाटतो पण पूर्ण बसलेला नसतो, आणि झाकणाचे नट एका दमात काढले तर पाण्याचा फवारा थांबवणं कठीण. म्हणून नट थोडे ढिले करायचे, झाकण किंचित हलवायचं, पाणी थांबतंय का बघायचं, मग पूर्ण काढायचे.

दुसरी गोष्ट इंधनाची. डिझेलच्या टाकीच्या तळाशी पाणी जमतं, आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात तिथे जिवाणू वाढून चिकट गाळ तयार होतो. शांत समुद्रात तो तळाशी पडून राहतो. खवळलेल्या समुद्रात टाकी घुसळली जाते, गाळ वर येतो आणि फिल्टर तुंबतात. म्हणजे इंजिन बंद पडतं ते नेमकं ज्या वेळी त्याची सर्वात जास्त गरज असते त्याच वेळी. ठरलेल्या वेळी टाकीच्या तळाचं पाणी काढून टाकणं, डिझेलमधलं पाणी आणि गाळ वेगळा करणारा सेपरेटर चालवणं, फिल्टर बदलणं, हे काम असं आहे की नीट केलं तर कुणाला दिसतही नाही.

गॅस टर्बाइनवाल्या जहाजांवर कॉम्प्रेसर धुवायचा असतो, तोही क्षारमुक्त पाण्याने. हवेतलं मीठ पात्यांवर बसलं की तेवढ्याच ताकदीला जास्त इंधन लागतं आणि तापमान चढतं. गोडं पाणी बनवायचा आरओ प्लांट असतो. त्याचा पडदा बंदरातल्या गाळ आणि तेलाने खराब होतो, म्हणून तो स्वच्छ समुद्रातच चालवायचा. प्लांट बिघडला तर पहिला परिणाम आंघोळीवर: अंग ओलं करा, नळ बंद, साबण, नळ चालू, संपलं.

---

कोठीघर

भटारखान्याबद्दल थोडक्यात. स्वयंपाकी चोवीस तासांत चार वेळा माणसं जेवू घालतो, कारण मिडल वॉचवाल्यांनाही रात्री काहीतरी गरम लागतं. मध्यरात्रीचा चहा म्हणजे चैन नव्हे, पहाटे तीन वाजता ब्रिजवरचा माणूस जागा राहावा यासाठी तो असतो.

जहाज हलायला लागलं की भांडी अर्ध्यापर्यंतच भरायची. शेगडीभोवती आडवे दांडे लावून भांडी अडकवायची. तळण पूर्ण बंद. उकळतं तेल सांडणं ही भटारखान्यातली सगळ्यात मोठी भीती आहे, आणि तेलाच्या आगीवर पाणी टाकणं ही सगळ्यात मोठी चूक. धुराड्याच्या नळीत चिकटलेली चरबी वेळेवर खरवडली नाही तर आग शेगडीवरून नळीत शिरते आणि दोन मजले वर जाऊन बाहेर पडते. त्या सफाईची नोंद असते आणि सही करणारा जबाबदार असतो.

सामान भरताना क्रम ठरवावा लागतो. पालेभाजी पहिल्या काही दिवसांत संपवायची, मग फ्लॉवर-कोबी, शेवटी बटाटा, कांदा, भोपळा आणि कडधान्यं. बटाटा आणि कांदा एका ढिगात ठेवू नयेत, दोन्ही लवकर खराब होतात.

जेवणाचा आणि लढण्याचा संबंध मुलांना सांगायचा असेल तर १९४६ चा दाखला द्या. १८ फेब्रुवारीला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावर नाविकांनी जेवण नाकारलं. निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक ही त्याची तात्कालिक कारणं होती. तिथून तो उठाव जहाजाजहाजांवर पसरला. माणसाच्या ताटात काय पडतं याला नौदलात किती वजन आहे, ते यातून कळतं.

---

एनबीसीडी_वाला

मास्तर, तुमच्या "शांततेच्या काळात काय करतात" या प्रश्नाचं माझ्या मते खरं उत्तर: आग आणि पाणी यांच्याशी लढायचा सराव करतात. वारंवार, अवेळी, झोपेतून उठून. शत्रू वर्षानुवर्षं समोर येणार नाही, पण विजेचा शॉर्ट सर्किट उद्या होऊ शकतो. जहाजावर अग्निशमन दल बोलावता येत नाही. स्वयंपाकी असो की लिपिक, प्रत्येकाला आगीच्या वेळी एक ठरलेली जागा असते.

आग दिसली तर पहिला नियम: ओरडा. "फायर, फायर, फायर" आणि जागा. एकट्याने विझवायला जायचं आणि मग सांगायचं, हा क्रम उलटा आहे. दुसऱ्याला कळवल्याशिवाय पहिलं मिनिट वाया जातं, आणि बंद पोलादी खोलीत पहिली दोन मिनिटंच हातात असतात. मग जवळचं एक्स्टिंग्विशर, त्या कप्प्याची वीज तोडणं, पंखे आणि हवेचे मार्ग बंद करणं. पंखा चालू राहिला तर आगीला हवा मिळते आणि धूर दहा कप्प्यांत फिरतो.

यानंतर नवख्यांना न कळणारी गोष्ट. आग एका खोलीत असते, पण खोलीला सहा बाजू असतात: चार भिंती, छत, जमीन. पोलाद उष्णता वाहून नेतं, पलीकडच्या भिंतीवरचा रंग पेटतो आणि आग दार न उघडताच पुढच्या खोलीत जाते. म्हणून जितकी माणसं आत जातात तितकीच, कधी जास्त, बाहेरच्या सहा बाजूंना पाणी मारून त्या थंड ठेवायला लागतात. हे काम करणाऱ्याला आग दिसतच नाही. भिंतीवर पाणी मारलं की वाफ उठते की नुसतं ओघळतं, यावरून त्याने आत काय चाललंय ते ओळखायचं असतं.

धुरात जाताना पाठीवर हवेची बाटली असते, त्या श्वसनयंत्राचं गणित पोरांकडून सोडवून घ्या. सहा लिटरची बाटली ३०० बार दाबाने भरली की साधारण १८०० लिटर हवा. मेहनत करणारा माणूस मिनिटाला ४० लिटर ओढतो. कागदावर ४५ मिनिटं झाली. पण ५० बारच्या आसपास शिट्टी वाजते आणि ती वाजण्याआधीच बाहेर पडायला निघालेलं असलं पाहिजे, कारण परतीच्या वाटेलाही हवा लागते. घाबरलेला माणूस ६० लिटरही ओढतो. म्हणून बाहेर एक जण फळा घेऊन उभा असतो: कोण कधी आत गेला, किती दाबाने गेला, कधी बाहेर यायला हवा. त्या फळ्यावरच्या माणसाने लक्ष काढलं की आतला मरतो.

आता पाणी. आग विझवताना आपणच जहाजात पाणी भरत असतो. मिनिटाला ३०० लिटर टाकणारा एक होज तासात १८ टन पाणी ओततो. ते पाणी रुंद डेकवर मोकळं पसरलं की जहाज झुकेल तिकडे धावतं आणि झोक वाढवतं. भरलेल्या टाकीपेक्षा अर्धवट भरलेला मोकळा कप्पा जास्त घातक. आग विझली पण जहाज उलटलं, असं जगात घडलेलं आहे. म्हणून आग विझवणाऱ्या टोळीच्या मागोमाग पाणी उपसणारी टोळी लागतेच.

आणि भगदाड. पाण्याखाली तीन मीटरवर १५ सेंटिमीटर व्यासाचं भोक पडलं तर मिनिटाला सुमारे पाच टन पाणी आत येतं. छोटे पंप त्याला पुरे पडत नाहीत. पण तेच भोक अर्धं बुजवलं तर पाणी निम्म्यावर येतं आणि पंपांना जमायला लागतं. म्हणून परिपूर्ण ठिगळाची वाट बघायची नाही. मऊ लाकडाची निमुळती खुंटी कापडात गुंडाळायची आणि ठोकायची. कापड फटी भरतं, लाकूड भिजून फुगतं. मोठ्या भोकाला गादी, तिच्यावर फळी, आणि फळीला आधाराचा वासा.

वासे लावणं, म्हणजे शोअरिंग, ही खरी सुतारकी आहे. वासा लागतो त्यापेक्षा किंचित आखूड कापायचा आणि उरलेली फट पाचरींच्या जोडीने भरायची, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी ठोकत. वाशाचं टोक सरळ पातळ पत्र्यावर टेकवायचं नाही, पत्रा फाटेल. मध्ये जाड फळी ठेवून जोर आतल्या फ्रेमवर जाईल असं करायचं. चार इंच जाडीचा वासा दहा फुटांपेक्षा लांब वापरू नये, मधूनच वाकतो. सगळ्यात मोठी चूक: फुगलेली भिंत पाचरी ठोकून मागे ढकलायला बघणं. ती आहे तशीच धरून ठेवायची, ढकलली की सांधे उसवतात. आणि पाचरी जहाजाच्या कंपनाने सैल होतात, म्हणून काम संपलं की एक माणूस तिथेच बसवायचा, हातात हातोडा देऊन.

हे सगळं लोणावळ्याला आयएनएस शिवाजीतल्या एनबीसीडी शाळेत (अणु-जैविक-रासायनिक हल्ल्यापासून बचाव आणि जहाजाचं नुकसान आवरणं शिकवणारी शाळा) शिकवतात. मग जहाजावर पुन्हा पुन्हा घोटून घेतात.

याचा उपयोग कुठे होतो असं मुलांनी विचारलं तर जानेवारी २०२४ मधलं मार्लिन लुआंडा सांगा. एडनच्या आखातात या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळून आग लागली. जहाजावर २२ भारतीय आणि एक बांगलादेशी खलाशी होते. आयएनएस विशाखापट्टणम मदतीला गेलं आणि नौदलाच्या दहा जणांच्या टोळीने त्या जहाजावर चढून, तिथल्या खलाशांच्या बरोबरीने ती आग आटोक्यात आणली. परक्या जहाजावर, पोटात ज्वलनशील माल. त्यांनी तिथे जे केलं ते कंटाळा येईपर्यंत केलेल्या कवायतीतूनच आलं. अभिमान वाटायचा असेल तर मला तरी तो या दहा जणांचा वाटतो.

---

मांडवी_मास्तर

एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. पुढच्या तासाला श्वसनयंत्राचं आणि सात वॉचचं गणित देतोच. दोन प्रश्न उरले. आठ वाजता झेंडा चढवतात त्याचा क्रम नीट सांगाल का? शाळेत १५ ऑगस्टला मुलं नौदलाच्या पद्धतीने करायचं म्हणतात. आणि भरतीआधी मुलांनी हाताने शिकावं असं काय आहे?

---

सिग्नल_यार्ड

झेंड्याचं सांगतो. बंदरात किंवा नांगरावर असताना सकाळी ७:५५ ला तयारीचा इशारा देणारी पताका वर जाते. आठ वाजता ती खाली येते, घंटेचे आठ टोले पडतात, राष्ट्रगीत होतं आणि जहाजाच्या मागच्या टोकाला नौदलाचा ध्वज, तर नाकावर तिरंगा चढतो. उघड्या डेकवर जो असेल तो ध्वजाकडे तोंड करून सावधान. नाकावरचा तिरंगा फक्त बंदरात आणि नांगरावर. जहाज निघालं की तो उतरतो आणि नौदलाचा ध्वज डोलकाठीवर जातो. सूर्यास्ताला बंदरात ध्वज उतरवतात. उतरवताना तो डेकला लागू द्यायचा नाही. दोन जण हातात झेलतात.

दोरी आदल्या संध्याकाळीच तपासायची. पुलीत अडकलेली दोरी राष्ट्रगीत चालू असताना सोडवता येत नाही. ध्वज सरळ आहे ना, क्लिप बसली ना, हे ७:५५ च्या आधी.

आताचा ध्वज २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत विक्रांतच्या जलावतरणाच्या वेळी आला. सेंट जॉर्जचा क्रॉस गेला, त्या जागी निळा अष्टकोन आला. त्याची दुहेरी सोनेरी किनार शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली आहे. आत नांगर, त्यावर सिंहमुद्रा आणि खाली 'शं नो वरुणः'. २०२३ चा नौदल दिन सिंधुदुर्गावर झाला तेही मुलांना सांगा, मालवण तुमच्यापासून लांब नाही. ४ डिसेंबर हा दिवस १९७१ च्या कराची हल्ल्याचा. त्याच युद्धात पाच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दीवजवळ आपली युद्धनौका खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले, आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता त्याच्याबरोबर गेले. नौदल दिन साजरा करताना या दोन्ही तारखा एकत्र घ्याव्यात.

---

बफर_निवृत्त

सिग्नल यार्ड, एक दुरुस्ती. २ सप्टेंबरला विक्रांतचं जलावतरण नव्हे, नौदलात दाखल होण्याचा सोहळा होता, कमिशनिंग. जलावतरण २०१३ मध्येच झालं होतं. मुलं परीक्षेत लिहितील म्हणून सांगितलं.

---

सिग्नल_यार्ड

बरोबर आहे बफर साहेब, कमिशनिंगच. मास्तर, तसंच लिहून घ्या.

---

नेव्हीनगर_कुलाबा

घरच्यांच्या बाजूनेही चार गोष्टी हव्यात, कारण मुलाबरोबर घरही नौदलात जातं.

जहाज निघालं की फोन बंद, आणि कधी परत येणार ते माहीत नसतं. माहीत असलं तरी सांगायचं नसतं. "दादाचं जहाज आज निघालं" असं आईने किंवा बहिणीने समाजमाध्यमावर टाकणं ही चूक आहे. गणवेशातला फोटो, मागे दिसणारा धक्का, जहाजाचा क्रमांक, यातलं काही टाकू नये. अनोळखी बाईच्या नावाने येणाऱ्या मैत्रीच्या विनंत्या हेही घरात आधीच बोलून ठेवा.

मुलगा रुजू होण्याआधी आईबरोबर किंवा वडिलांबरोबर संयुक्त खातं उघडा. नामनिर्देशन प्रत्येक खात्यावर भरा आणि लग्न झालं की बदला. नावाचं स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्रावर, आधारवर आणि बँकेत एकच ठेवा. कोकणात वडिलांच्या नावापुढे कुठे "राव" लागतं, कुठे नाही, आणि मग कागद अडकतात. पत्र टाकायचं तर जहाजाचं नाव आणि फ्लीट मेल ऑफिसचा पत्ता, बस. आजीच्या हातचं पत्र अजूनही मेसडेकवर, म्हणजे नाविकांच्या राहण्या-जेवण्याच्या जागेत, फिरतं.

---

स्टोकर_लोणावळा

मास्तरांचा दुसरा प्रश्न. पोहणं, हे पहिलं. समुद्रकाठचा मुलगा म्हणून पोहता येतंच असं समजू नका. कपड्यांसकट पाण्यात उभं तरंगणं शिकवा. दुसरं, मोजायला शिकवा: व्हर्निअर कॅलिपर, प्रेशर गेज, स्पॅनरचे माप बघून नट ओळखणं. गावातल्या ट्रॉलरच्या इंजिनावर एखादा रविवार मिस्त्रीच्या हाताखाली घालवला तरी पुष्कळ. तिसरं, स्वतःचे कपडे धुणं आणि इस्त्री. पांढऱ्या गणवेशाला निळीचा डाग चालत नाही.

---

बफर_निवृत्त

आणि गाठी. पाच पुरतात: बोलाइन, क्लोव्ह हिच, राउंड टर्न आणि दोन हाफ हिच, शीट बेंड, फिगर ऑफ एट. प्रत्येक मुलाला बारा मिलीमीटर जाडीची दोन मीटर दोरी द्या, टोकं सुतळीने बांधलेली. नायलॉन घेऊ नका, गुळगुळीत असतं आणि चुकीची गाठही बसल्यासारखी दिसते. आधी डोळे उघडे, मग डोळे मिटून, मग पाठीमागे हात धरून. बोलाइन दहा सेकंदांत आली पाहिजे, आणि ओढल्यावर फास आवळता कामा नये. आवळला तर दोरीचं मोकळं टोक चुकीच्या बाजूने फिरलंय. मिरकरवाडा बंदरावर जुने तांडेल बसलेले असतात, त्यांच्याकडे मुलांना एकदा घेऊन जा. यातल्या निम्म्या गाठी ते वेगळ्या नावाने आणि आपल्यापेक्षा लवकर मारतात.